1879 च्या आधीचा एक अष्टमांश सेकंद

तुम्ही टी.वाय.ला आहात आणि मानसशास्त्राच्या इतिहासावर सेमिनार द्यायचा आहे. 'विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिग येथे पहिली प्रयोगशाळा स्थापन केली' हे वाक्य पाठ आहे, पण त्यावरून तीन प्रश्न पडले आहेत. त्याआधी मनाचा विचार कोणी केलाच नव्हता का? एका खोलीला एवढं महत्त्व का? आणि वुंट जर अंतर्निरीक्षणावर, म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललंय ते पाहून सांगण्यावर, विसंबून होते, तर त्याला विज्ञान का म्हणायचं? मी तीस वर्षांहून जास्त काळ प्रायोगिक मानसशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत. हे तीन प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि मला ते मनापासून आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात लाइपझिगपासून करू नका, न्यायदर्शनापासून करा. आपल्याकडच्या नैयायिकांनी मनाची खूण काय सांगितली आहे? एका वेळी दोन ज्ञानं उत्पन्न होत नाहीत, ही. डोळे, कान, नाक सगळी इंद्रियं एकदम आपापल्या विषयाला भिडलेली असली तरी जाणीव मात्र एका वेळी एकाचीच होते, म्हणजे इंद्रियांच्या पलीकडे मन नावाचं काहीतरी असलं पाहिजे आणि ते अणुएवढं असलं पाहिजे, असा तो युक्तिवाद. त्यावर आक्षेप येणारच, की आम्हाला तर खाताना चव, वास, कुरकुर आवाज सगळं एकदम कळतं! त्याला त्यांनी दाखला दिला कमळाच्या शंभर पाकळ्यांचा. पाकळ्या एकावर एक रचून सुई टोचली तर एकदम सगळ्यांना भोक पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात सुई एकेक पाकळी भेदत गेलेली असते. तो क्रम इतका झरझर होतो की आपल्या लक्षात येत नाही.

मला हा दाखला फार महत्त्वाचा वाटतो. मन एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देऊ शकतं का, हा प्रश्न तिथे स्वच्छ मांडलेला आहे, उत्तरही तर्कशुद्ध आहे. राहिला तो एकच प्रश्न: एका पाकळीपासून दुसरीपर्यंत जायला सुईला वेळ किती लागतो?

1861 साली हायडेलबर्गमध्ये एका तरुण डॉक्टरने हाच वेळ मोजायचा प्रयत्न केला. विल्हेल्म वुंट तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम करत होते. त्यांनी लंबकाच्या घड्याळात थोडा फेरफार केला. लंबक एका ठरावीक जागी आला की घंटा वाजायची आणि मागच्या मोजपट्टीवर लंबक कुठे आहे ते बघायचं. घंटा ऐकू आली त्या क्षणी लंबक जिथे दिसला ती जागा आणि घंटा खरोखर वाजली ती जागा या दोन्ही एक निघाल्या नाहीत. कान आणि डोळा एकाच क्षणाची वेगवेगळी साक्ष देत होते. लक्ष आवाजाकडून लंबकाकडे वळायला वेळ जात होता आणि वुंट यांनी काढलेला आकडा होता साधारण एक अष्टमांश सेकंद.

या आकड्याच्या अचूकपणावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते सोडून द्या. प्रश्न जुनाच होता, पण आता त्याला उत्तर म्हणून आकडा आला होता आणि तो आकडा दुसरा कोणी घड्याळ लावून तपासू शकत होता, खोडून काढू शकत होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. मनाचा विचार त्याआधी भरपूर झाला होता, आपल्याकडे आणि युरोपातही. पतंजलींनी चित्तवृत्तींचे पाच प्रकार केले, ॲरिस्टॉटलने स्मृतीवर लिहिलं, लॉक आणि ह्यूम या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी कल्पनांच्या साहचर्यावर लिहिलं. स्मृतीवर प्रयोग करणारे हर्मन एबिंगहाउस यांनी 1908 मध्ये म्हटलं की मानसशास्त्राचा भूतकाळ दीर्घ आहे, पण इतिहास छोटा. हा छोटा इतिहास सुरू झाला तो वेळ मोजायला लागल्यापासून.

पण वुंट यांना ही कल्पना सुचली कुठून? मूळ सापडतं ते खगोलशास्त्रात. ग्रिनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेवरून केव्हा सरकला याची वेळ नोंदवायची पद्धत अशी होती: डोळा दुर्बिणीला, कान घड्याळाच्या टिकटिकीकडे, आणि मनात ठोके मोजत दशांश सेकंदाचा अंदाज करायचा. तिथले राजखगोलशास्त्रज्ञ मास्केलिन यांच्या लक्षात आलं की त्यांचा सहायक किनेब्रुक याच्या नोंदी आपल्यापेक्षा उशिराच्या येतात. 1795 मध्ये फरक अर्ध्या सेकंदाचा होता, पुढे तो आठ दशांशावर गेला. तुम्हाला वाटेल, एवढ्याने काय बिघडतं? पृथ्वी फिरते आहे. विषुववृत्तावर आठ दशांश सेकंद म्हणजे पावणेचारशे मीटरच्या आसपास. जहाजाचं रेखांश ज्या नोंदींवरून काढायचं, त्यांत एवढी चूक चालणार नव्हती. 1796 मध्ये किनेब्रुकला कामावरून काढलं.

वीसेक वर्षांनी ही हकिगत कोनिग्सबर्गच्या वेधशाळेतल्या बेसेल यांच्या वाचनात आली. त्यांना वेगळीच शंका आली. सहायक निष्काळजी नसेलच, माणसामाणसात मुळातच फरक असेल तर? त्यांनी स्वतःला दुसऱ्या कसलेल्या निरीक्षकांशी ताडून पाहिलं. वालबेक यांच्याशी फरक निघाला एका सेकंदाहून थोडा जास्त, म्हणजे किनेब्रुकपेक्षाही मोठा. यातूनच 'वैयक्तिक समीकरण' आलं: प्रत्येक निरीक्षकाचा फरक काढायचा आणि गणितात वजा करायचा. खगोलशास्त्रज्ञांपुरतं काम भागलं. पण हा फरक का पडतो, हा प्रश्न तसाच राहिला, आणि तो आकाशातल्या ताऱ्यांचा नव्हता, माणसाच्या मनाचा होता. किनेब्रुकबद्दल वर्गात सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. ज्यासाठी त्याची नोकरी गेली, त्याचाच अभ्यास पुढे एका शास्त्राचा पाया झाला.

कोनिग्सबर्ग हे नाव लक्षात ठेवा. आज ते रशियात आहे, कालिनिनग्राड म्हणतात. याच गावात बसून तत्त्वज्ञ कांट यांनी 1786 मध्ये लिहिलं होतं की मानसशास्त्र खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही, कारण मनोव्यापारांना गणित लावता येत नाही. त्यांना लांबी-रुंदी नाही, काळ ही एकच मिती आहे. पुढे कांट यांच्याच अध्यासनावर आलेल्या हर्बार्ट यांनी मनाचं गणित मांडलं, पण प्रयोग शक्य नाही असं त्यांचंही मत. आणि 1850 मध्ये याच कोनिग्सबर्गात हेल्महोल्ट्झ यांनी त्या एकाच मितीत, म्हणजे काळात, मोजमाप करून दाखवलं.

त्यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. मज्जातंतूला स्नायूजवळ विजेचा धक्का दिला आणि स्नायू आकसायला लागणारा वेळ मोजला. मग धक्का जरा लांब दिला आणि पुन्हा मोजला. दोन वेळांमधला फरक म्हणजे तेवढं अंतर कापायला संदेशाला लागलेला वेळ. हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहानेस म्युलर यांना वाटत होतं की हा वेग मोजण्याच्या पलीकडचा असणार. निघाला सेकंदाला साधारण 27 मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्याही आत. आपली मालगाडी बरी चालली तर जवळपास तेवढं पळते! विचार आणि संवेदना तत्क्षणी होतात, या समजाला इथे तडा गेला.

मी हा प्रयोग वर्गात बेडकाशिवाय करून घेते, तुम्हीही सेमिनारमध्ये करा. तीस जणांना गोलात उभं करायचं. प्रत्येकाने उजव्या हाताने पुढच्याचा खांदा धरायचा, डोळे मिटायचे. आपला खांदा दाबला गेला की लगेच पुढच्याचा दाबायचा. एक जण स्टॉपवॉच धरतो. सरावानंतर फेरी सात-आठ सेकंदांत पुरी होते. मग सगळ्यांनी खाली बसून खांद्याऐवजी पुढच्याचा घोटा धरायचा आणि पुन्हा तसंच करायचं. दाबणारा हात तोच आहे, फक्त घोट्यापासून मेंदूपर्यंतची वाट खांद्यापेक्षा मीटरभर लांब आहे. तीस जणांचे मिळून तीस मीटर. अनेक फेऱ्यांची सरासरी काढली की घोट्याची फेरी अर्धा-पाऊण सेकंद जास्त घेते असं दिसतं. त्यावरून वेग मुलं फळ्यावर स्वतः काढतात. आपल्या अंगातल्या संदेशाचा वेग स्टॉपवॉचवर मोजल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मला दरवर्षी हवीहवीशी वाटते.

हेल्महोल्ट्झ यांनी मज्जातंतूचा वेळ मोजला. मनाचा वेळ वेगळा काढण्याची युक्ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डोंडर्स यांची, आणि ती निव्वळ वजाबाकी आहे. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि त्याच बाजूच्या हाताने खूण करायची. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी सांगितलं तर एक वेळ येतो. सांगितलं नाही तर डावा की उजवा हे ओळखून हात निवडावा लागतो आणि सुमारे एक पंधरांश सेकंद जास्त लागतो. बाकी सगळं सारखंच असेल तर हा वाढीव वेळ निवडीचा. 1868 मध्ये त्यांनी हे छापलं. काम बदललं की मनाची सगळी तयारीच बदलते, तेव्हा अशी सरळ वजाबाकी करता येत नाही, हा आक्षेप पुढे आला आणि तो रास्त आहे. पण आज संगणकावर मिलिसेकंदांत होणाऱ्या असंख्य प्रयोगांच्या मुळाशी हीच वजाबाकी आहे.

दुसरी वाट लाइपझिगमध्येच तयार होत होती. एर्न्स्ट वेबर यांनी दाखवलं की वजनातला फरक कळणं हे फरक किती ग्रॅमचा आहे यावर ठरत नाही, मूळ वजनाच्या कितव्या भागाचा आहे यावर ठरतं. हातात उचललेल्या वजनांसाठी त्यांना हा भाग साधारण एक चाळिसांश मिळाला. किलोभर भाजीच्या पिशवीत 25 ग्रॅमची भर कळते, तर दोन किलोंच्या पिशवीत 50 ग्रॅम टाकावे लागतात. गुस्ताव फेख्नर हे तिथलेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रंगीत काचांमधून सूर्याकडे बघत प्रतिमांचा अभ्यास करताना त्यांचे डोळे गेल्यासारखे झाले, मनही खचलं, काही वर्षं ते अंधाऱ्या खोलीत काढत होते. त्यातून सावरल्यावर 22 ऑक्टोबर 1850 च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना सुचलं की शरीर आणि मन यांचं नातं गणिताने मांडता येईल: उद्दीपक, म्हणजे संवेदना जागवणारा प्रकाश, आवाज, वजन, पटीने वाढत गेला तर संवेदना पायरीपायरीने वाढते. 1860 मध्ये त्यांचा मनोभौतिकीवरचा ग्रंथ आला. तुमच्या प्रयोगवहीतल्या सीमापद्धती, स्थिर उद्दीपक पद्धती मूळ त्यांच्याच. कंटाळवाण्या वाटल्या तरी त्या करताना या माणसाने काय सोसलं होतं ते आठवा.

तर 1879 पूर्वी एवढं सगळं झालेलं होतं. मग त्या खोलीत नवीन काय घडलं?

वुंट 1875 मध्ये लाइपझिगला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. 1876 मध्ये विद्यापीठाने त्यांना कॉन्व्हिक्ट नावाच्या इमारतीत उपकरणं ठेवायला एक खोली दिली. 1879 च्या हिवाळ्यात तिथे माक्स फ्रीडरिष हा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी प्रयोग करू लागला. दिसलेला रंग किंवा आकडा स्पष्टपणे जाणिवेत यायला किती वेळ लागतो, हा त्याचा विषय. प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो म्हणून, बसणाऱ्यांत खुद्द वुंट होते, अमेरिकेहून आलेले स्टॅन्ली हॉलही होते. वेळ मोजायला हिप यांचं क्रोनोस्कोप, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं घड्याळ. उद्घाटन झालं नाही, कोनशिला बसली नाही. विद्यापीठाने प्रयोगशाळेला रीतसर मान्यता दिली ती 1883 मध्ये.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्याकडे हार्वर्डमध्ये 1875 पासूनच काही उपकरणं होती, म्हणून 'पहिली कोणाची' हा वाद घातला जातो. मला तो वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही. लाइपझिगचं वेगळेपण असं की तिथे विद्यार्थी आले, त्यांना नेमका छोटा प्रश्न दिला गेला, प्रयोग झाला, तो वुंट यांनीच काढलेल्या नियतकालिकात छापून आला, त्यावर पदवी मिळाली आणि तो माणूस आपल्या गावी जाऊन तसंच काम सुरू करू शकला. वुंट यांच्या हाताखाली 180 हून जास्त प्रबंध झाले. उपकरणांची खोली आणि प्रयोगशाळा यांत फरक पडतो तो या साखळीमुळे. कॅटेल या अमेरिकन विद्यार्थ्याचंच बघा. त्याने तिथल्या दिवसांत दाखवून दिलं की ओळखीचा छोटा शब्द वाचायला एकट्या अक्षरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. वाचन शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक असायला हवं.

आता अंतर्निरीक्षण. इथे गाइडांनी फार गोंधळ केला आहे. आरामात बसून स्वतःच्या मनात डोकावायचं आणि काय दिसलं त्याचं वर्णन लिहायचं, याला वुंट यांचा ठाम विरोध होता. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रयुक्ताने बहुतेक वेळा सांगायचं असे ते एवढंच: दिसलं की नाही, जास्त की कमी, आधी की नंतर. उद्दीपक ठरावीक, पुन्हा पुन्हा तोच, उत्तर लगेच. आणि भाषा, पुराणकथा, रूढी यांसारखे मनाचे वरच्या पातळीवरचे व्यवहार प्रयोगशाळेत मावणार नाहीत, असं ते स्वतःच म्हणत. त्यासाठी त्यांनी 1900 ते 1920 या काळात लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले. लांबलचक अंतर्निरीक्षणाचा आग्रह त्यांचे विद्यार्थी टिचनर यांचा. ते 1892 मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला गेले. त्यांचे विद्यार्थी बोरिंग यांनी 1929 मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा जो इतिहास लिहिला, तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला, आणि त्यातले वुंट पुष्कळसे टिचनरसारखे दिसतात. आपली मराठी क्रमिक पुस्तकं अमेरिकन पुस्तकांच्या आधाराने लिहिली गेली, त्यामुळे तेच वुंट आपल्याकडेही आले. परीक्षेत 'रचनावादाचे जनक वुंट' असं लिहिलंत तर गुण मिळतील, पण जाणीव तिच्या मूळ घटकांत फोडून पाहणाऱ्या या पंथासाठी सेमिनारमध्ये टिचनर यांचं नाव घ्या.

एबिंगहाउस यांच्यावर एक परिच्छेद लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. प्रयोगशाळा नाही, सहायक नाही, प्रयुक्त एकच आणि तो म्हणजे ते स्वतः. सुमारे 2300 निरर्थक शब्दावयव तयार केले, मिनिटाला 150 ठोक्यांच्या लयीत ते वाचून पाठ केले, आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजलं. वीस मिनिटांनी बचत 58 टक्के, तासाभराने 44, दिवसाने 34, महिन्याने 21. घसरण सुरुवातीला तीव्र, मग संथ. 1885 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आम्ही हाच प्रयोग मराठीत करतो तेव्हा पहिली अडचण येते ती निरर्थक अवयव तयार करण्याची. मुलं 'थीप', 'ढेम' अशा याद्या करून आणतात आणि त्यात एखादा 'डूख' असतो. शहरात वाढलेल्या मुलाला तो निव्वळ आवाज वाटतो. गावाकडून आलेल्या मुलीला मात्र डूख धरलेला साप आठवतो आणि तिला तो अवयव पहिल्याच फेरीत पाठ होतो. अर्थ किती चिवट असतो हे तिथेच कळतं. आपले सगळे अवयव सारखे अवघड नाहीत हे एबिंगहाउस यांच्याही लक्षात आलं होतं.

ही साखळी आपल्यापर्यंत कशी आली तेही सेमिनारमध्ये सांगा. वुंट यांचे विद्यार्थी म्यून्स्टरबर्ग 1892 मध्ये हार्वर्डला गेले. तिथे त्यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या मेरी कॅल्किन्स यांनी 1895 पर्यंत डॉक्टरेटचं सगळं पुरं केलं, पण बाई म्हणून हार्वर्डने पदवी नाकारली. पुढे 1905 मध्ये त्याच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. म्यून्स्टरबर्ग यांच्याचकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त कलकत्त्याला परतले आणि 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला मानसशास्त्र विभाग त्यांच्या हाताखाली सुरू झाला. 1924 मध्ये म्हैसूर विद्यापीठात विभाग निघाला. पुणे विद्यापीठात 1950 मध्ये विभाग सुरू झाला तेव्हा त्याचं नावच 'प्रायोगिक मानसशास्त्र' होतं. आणि वुंट यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह? तो जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठाने विकत घेतला, म्हणून सुरक्षित राहिला. लाइपझिगची त्यांची संस्था 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली.

सेमिनारच्या आदल्या दिवशी घरी एवढं करा. मीटरच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. बहिणीला दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून अंगठा आणि तर्जनीची चिमटी उघडी धरायला सांगा. आधी एकच पट्टी, शून्याची खूण चिमटीपाशी ठेवून, तिच्या उजव्या चिमटीत सोडा आणि ती कुठे पकडली ते बघा. 20 सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिक्रियाकाल 0.20 सेकंद. मग दोन्ही चिमट्यांमध्ये पट्ट्या धरा आणि न सांगता त्यातली कोणतीही एक सोडा. आता ती आणखी खाली जाऊन पकडली जाईल. 45 सेंटिमीटर आलं तर 0.30 सेकंद. सूत्र सोपं आहे: सेंटिमीटरची दुप्पट करा, 980 ने भागा, वर्गमूळ काढा. दोन्ही प्रकार वीस-वीस वेळा करा, पहिले पाच सरावाचे म्हणून सोडून द्या, सरासऱ्या काढून वजाबाकी करा. मग पट्ट्या बहिणीच्या हातात द्या आणि प्रयुक्त म्हणून तुम्ही बसा. लाइपझिगमध्ये असंच करायचे, आज प्रयोगकर्ता असलेला उद्या प्रयुक्त. तुम्हा दोघींचे आकडे शेजारी शेजारी लिहा आणि त्या फरकाच्या वर किनेब्रुकचं नाव घाला.